धुनीभोवतीची काच

“धुनीच्या खोलीला काच कुणी लावली?”

महाराजांनी. उगाच भक्तांवर ढकलू नका. एसीचा गारवा बाहेर जाऊ नये म्हणून विमलनाथ महाराजांनी स्वतः उभं राहून लावून घेतली. आत अखंड पेटती धुनी, वर एसी, चहूबाजूंनी काच. वयानं माणूस शहाणा होतो म्हणे.

विचारणारी होती डॉ. गार्गी धामणकर. इंजिनिअर. बंद खोलीतली हवा माणसाच्या छातीचं काय करते, हा तिचा अभ्यास. सकाळपासून तिचं हवा मोजायचं यंत्र मठातल्या धुनीजवळ चालू होतं.

“महाराज, ही हवा विषारी आहे. काच काढा.”

“बाई, धुनीचा धूर म्हणजे प्रसाद.”

“मग तुम्ही आरतीपुरतेच का येता आत?”

महाराज हसले. “तुझ्या यंत्राला श्रद्धा मोजता येते का?”

“नाही. धूर मोजता येतो… दिवसभर इथं कोण बसतं?”

“तो. केवलनाथ.” महाराजांनी काचेजवळच्या शिष्याकडे बोट केलं. “धुनी राखायचं काम पहिल्यापासून त्याचंच. आता तर उठायचंही नाही, शिक्षा आहे त्याला. आम्हा नाथपंथीयांत गुरू समोर आला की शिष्यानं गळ्यातली शिंगी, ही शिंगाची शिट्टी, फुंकायची, मग ‘आदेश’ म्हणायचं. हा नुसती तोंडाला लावतो. नाटकं! गर्व झालाय.”

“कधीपासून?”

“काच लागली आणि हा माजला.”

गार्गी शिष्याकडे वळली.

“फुंका बरं.”

केवलनाथनं शिंगी ओठांना लावली. गाल फुगले. मानेच्या शिरा टरारल्या.

आवाज नाही…

मग खोकला. खांब धरून तो खाली बसला. खोकला थांबेना.

“ऐकलात गर्व?” गार्गी म्हणाली.



केवलनाथ उठला. शिंगी गळ्यातून काढली, महाराजांच्या पायाशी ठेवली आणि दाराकडे निघाला.

“केवल! जागेवर बस. गुरूची आज्ञा मोडतोस?”

“श्वास शिल्लक आहे तोवर मोडून घेतो.”

तो गेला. वळूनही पाहिलं नाही. बरं केलं.

महाराज दाराकडे बघत राहिले…

गार्गीनं यंत्र बंद केलं. “आता तरी काच काढाल?”

“काढा. काय काढायचं ते काढा.”

आणि मग, कुणी न विचारता—

“माझ्यानंतर गादीवर त्याला बसवणार होतो.”