पाळण्यातला भोपळा

एकदा एक वृद्ध आचार्य आपल्या शिष्येला म्हणाले, "या पृथ्वीतलावर असं एकही यंत्र नाही, ज्याचा दोष मला सापडला नाही!" आणि सुपारीचं खांड या गालातून त्या गालात सरकवत लगेच पुढे म्हणाले, "सापडला म्हणजे काय, बहुतेक वेळा डोक्यातच पडला."

आचार्यांचा विषय होता यंत्रांची आणि त्या यंत्रांना हुकूम सोडणाऱ्या संगणकांची सुरक्षितता. यंत्र बिघडलं की लोक जाणकाराला बोलावतात. या गृहस्थांचं म्हणणं, यंत्र बिघडण्याआधीच मला बोलवा. साहजिकच त्यांना फारसं कोणी बोलावत नसे. शाळेशी त्यांचं कधी जमलं नाही. सातवीत गणितात मिळालेला भोपळा ते अजून एखाद्या पदकासारखा मिरवत. शिष्या मात्र भरपूर शिकलेली. प्रोग्राम असा लिहायची, की वाचणाऱ्याने मान डोलवावी. तिला एकच खंत होती. साऱ्या जगाची मान डोलली, पण गुरुजींच्या तोंडून तिच्या कामाला "चांगलं" हा शब्द कधी निघाला नव्हता.

त्या साली गावातल्या एका व्यापाऱ्याने जत्रेसाठी नवा आकाशपाळणा उभारला. चाक विजेवर फिरणारं, आणि विजेवर हुकूम संगणकाचा. प्रोग्राम अर्थातच शिष्येचा. प्रत्येक पाळण्याच्या दाराला कडी होती आणि कडीला तार. कडी निघाली की तारेतून संगणकाकडे निरोप जाई, 'मी उघडी आहे', आणि चाक जागच्या जागी थांबे. निरोप आला नाही, म्हणजे सगळं कुशल. मग हिरवा दिवा लागे आणि चाक फिरे.

हा प्रोग्राम तिने गुरुजींना आधी दाखवला होता. गुरुजी अडकित्त्याने सुपारी कातरत होते, ते कातरतच राहिले. तिने ओळन् ओळ वाचून दाखवली. गुरुजी हूं की चूं बोलले नाहीत. झालं! ती तरंगतच व्यापाऱ्याकडे गेली.

"शेठजी, गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं. एक चूक काढली नाही!"

"मौनं संमतिलक्षणम्!" व्यापारी म्हणाला. त्याला संस्कृत एवढंच येत असे, पण ते त्याला सगळीकडे पुरत असे. त्याने त्याच दिवशी गावभर दवंडी पिटवली, की उद्घाटनाच्या पहिल्या फेरीत शाळेतली सगळी पोरं फुकट बसतील.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळीच गुरुजी मैदानावर हजर झाले. आमंत्रण नव्हतं, पण आमंत्रणाची वाट पाहणं त्यांनी केव्हाच सोडून दिलं होतं.

"शेठजी, एक भोपळा मागवा."

"भोपळा? नव्या यंत्राची दृष्ट काढायची तर कोहळा लागतो, गुरुजी."

"कोहळ्याने दृष्ट निघते. भोपळ्याने दृष्टी येते. चांगला गरगरीत बघा, साधारण तुमच्या अंगाचा."

भोपळा आला. गुरुजींनी तो एका पाळण्यात लेकरासारखा बसवला, दार लावलं, कडी घातली. मग कमरेच्या चंचीतून अडकित्ता काढला आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत त्या कडीची तार कचकन कातरली.

"अहो! अहो गुरुजी! सुपारी आहे का ती?" व्यापारी धावला. पण धावता धावता त्याची नजर दिव्यावर गेली आणि चेहरा फुलला. "बघितलंत? तार तोडली तरी दिवा हिरवाच! मजबुती म्हणतात ती ही!"

जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. शिष्येनेही टाळीसाठी हात उचलले आणि ते तसेच अधांतरी राहिले. दिवा हिरवा राहायला नको होता.

गुरुजींनी शांतपणे कडी काढली. दार उघडं लोंबू लागलं. दिवा हिरवा तो हिरवाच. "शेठजी, शुभहस्ते होऊ द्या," ते म्हणाले.

व्यापाऱ्याने शुभहस्ते बटण दाबलं. चाक डौलात फिरू लागलं. भोपळा वर चढला, माथ्यावर पोचला, वाऱ्याने पाळणा कलला. भोपळा क्षणभर दारात रेंगाळला, जणू खाली ओळखीचं कोणी दिसतंय का पाहत होता. आणि मग तो आला. चाकासमोर व्यापाऱ्यासाठी मांडलेल्या मखमली खुर्चीवर असा काही धप्प करून आला, की बिया उडून थेट शेठजींच्या पागोट्यात जाऊन बसल्या.

कोणी हसलं नाही. ज्या पाळण्यातून भोपळा आला, त्याच पाळण्यात संध्याकाळी पोरं बसायची होती, हे प्रत्येकाच्या एकदमच ध्यानात आलं.

"हा मला सातवीत मिळाला होता," गुरुजी शिष्येला म्हणाले. "इतकी वर्षं जपून ठेवला. आज तुला दिला."

शिष्येचा चेहरा लालभडक झाला. "मी प्रत्येक कडी उघडून पाहिली होती, गुरुजी! प्रत्येक वेळी चाक थांबलं होतं!"

"कड्यांना विचारलंस. तारेला विचारलंस का, की बाई गं, तूच मेलीस तर निरोप कोण आणेल?"

"मग मी वाचून दाखवलं तेव्हा का नाही बोललात? तुम्ही गप्प होतात. मला वाटलं, पसंत आहे!"

गुरुजी खुशीत आले. याच प्रश्नासाठी ते भल्या सकाळी तंगडतोड करत आले होते.

"पोरी, मी गप्प होतो, कारण निम्मा प्रोग्राम मला कळलाच नव्हता. आणि उरलेला निम्मा चालू असताना माझी सुपारी दाढेत अडकली होती. माणूस गप्प का बसतो, याला शंभर कारणं. त्याला पेंग येते, तो रुसतो, कधी कधी तर तो मेलेलाच असतो. त्या शंभरांतलं एखादंच कारण होकार असतं, आणि तू नेमकं तेवढंच उचललंस. जी चूक माझ्या बाबतीत केलीस, तीच तारेच्या बाबतीत. उंदराने कुरतडली तरी तार गप्प, गंजली तरी गप्प, आणि तुझा संगणक म्हणतो, वा, सगळं कुशल! मौनं संमतिलक्षणम् हे लग्न जमवताना ठीक असेल. जिथे माणसाचा जीव टांगलेला आहे, तिथे मौन म्हणजे नकार. ज्याला होकार द्यायचा आहे, त्याने तो तोंडाने द्यावा."

शिष्या गप्प राहिली. मग आपण गप्प आहोत हे तिच्या लक्षात आलं, आणि ती घाईघाईने म्हणाली, "कळलं, गुरुजी."

तेवढ्यात व्यापारी पागोट्यातल्या बिया झटकत मध्ये पडला. "हे बघा, दवंडी दिलीय, वाजंत्री सांगितलीय. एका दिवसात कुठे तारा तुटतात? मी प्रत्येक पाळण्याशी माणूस उभा करतो. अगं, तू काही बोलत नाहीस, म्हणजे..."

"नाही, शेठजी!" शिष्या एवढ्या मोठ्याने म्हणाली, की हलगीवाल्याच्या हातून टिपरू गळून पडलं. तिने संगणकाच्या पेटीची किल्ली काढली आणि ओढणीच्या टोकाला गाठ मारून बांधली. "मी 'हो' म्हणेपर्यंत हे चाक फिरणार नाही. मी अजून 'हो' म्हटलेलं नाही."

व्यापाऱ्याने आशेने गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी अडकित्ता पुसत होते.

दिवसभर ती चाकाखाली राबली. कड्यांचा निरोपच तिने उलटा करून टाकला. आता उघड्या कडीने ओरडायचं नव्हतं. लागलेल्या कडीने अखंड म्हणत राहायचं होतं, 'मी लागलेय, मी लागलेय', नामस्मरण चालावं तसं. नाम थांबलं, की चाक थांबलं. मग कडी निघालेली असो, तार तुटलेली असो, नाहीतर उंदराचं पोट भरलेलं असो. आणि चाक अर्ध्यात थांबलं तर वरच्या माणसांना उतरवायचं कसं, हाही प्रश्न तिने स्वतःच स्वतःला विचारला. संगणक आल्यावर व्यापाऱ्याने भंगारात टाकलेला हातदांडा तिने शोधून आणला, तेल दिलं आणि पुन्हा बसवला. तो दांडा पाहून गुरुजींचा अडकित्ता क्षणभर थबकला. पण बोलले ते काहीच नाहीत.

संध्याकाळी सारं गाव लोटलं. पोरं रांगेत चुळबुळत उभी राहिली. आता परीक्षा कोणाची घ्यायची? बाजारातले भोपळे संपले होते, म्हणून गुरुजी स्वतःच पाळण्यात बसले.

दिवा हिरवा झाला. चाक फिरलं. गुरुजी वर वर गेले, अगदी माथ्यावर पोचले, आणि लोकांच्या काळजाचा ठोका चुकवत त्यांनी अडकित्ता बाहेर काढला.

कच!

दिवा लाल. चाक अलगद, धक्का न देता, आहे तिथे थांबलं.

मैदानात एकच जल्लोष उसळला. हलगी कडाडली, पोरांनी शिट्ट्या मारल्या, आणि व्यापाऱ्याने पागोटं हवेत उडवून जोरात आरोळी ठोकली, "हा पाळणा माझा आहे!" शिष्येच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिने ओढणीने पुसलं, तर किल्ली नाकावर आपटली.

"अगं पंडिते!" वरून आवाज आला. वारा सुटला होता, पाळणा झुलत होता, आणि जगातल्या सगळ्या यंत्रांचे दोष शोधणाऱ्या आचार्यांनी दोन्ही हातांनी दांडी घट्ट धरली होती. "थांबलं गं! आता उतरव मला!"

"कसं उतरवू, गुरुजी? तुमची कडी बोलत नाहीये. ती बोलल्याशिवाय चाक फिरत नाही. नियम तुमचाच!"

"अगं, तो दांडा आहे ना! हाताने फिरव!"

शिष्येने दांड्यावर हात ठेवला, मान वर केली आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "फिरवते की! आधी सांगा, प्रोग्राम कसा झालाय? आणि तोंडाने सांगा हं, गुरुजी. गप्प राहिलात तर नकार समजेन, आणि दांडा इथेच ठेवून दुसरा प्रोग्राम लिहायला घरी जाईन!"