मुठीतला कागद

फार वर्षांमागे मथुराकाकूंच्या सोळा सोमवारांचं उद्यापन जवळ आलं होतं. आमंत्रणाची कार्डं त्या हातानेच करायच्या. पहिलं कार्ड देवापुढे ठेवायचं असे, आणि ते आपणच व्हावं अशी एका कोऱ्या कागदाला फार आस होती.

काकूंनी त्याला उचललं, पाणी शिंपडलं आणि मुठीत धरून चुरगळलं.

"झालं! आता तू केरात," गठ्ठ्यातला त्याच्या खालचा गुळगुळीत कागद हसला.

कागद घाबराघुबरा झाला. "शाईताई, माझं काय चुकलं हो?"

"काही नाही रे बाळा," दौतीतली शाई म्हणाली. "फक्त फाटू नकोस."

मूठ आणखी आवळली. एक कड ताणली गेली. "देवा, सांभाळ रे!" कागद पुटपुटला.

तेवढ्यात मूठ सैलावली. काकूंनी त्याला पाटावर पसरून निळ्या शाईचा बोळा फिरवला. शाई सुरकुतीसुरकुतीत शिरली आणि कोऱ्या अंगावर वेलीसारखी नक्षी उमटली. काकूंनी मधोमध कुंकवाचं बोट टेकवलं आणि कार्ड देवापुढे ठेवलं.

मग त्यांचा हात पुढच्या कागदाकडे वळला. आता हसणाराच थरथरू लागला.

देवापुढून हळूच आवाज आला, "भिऊ नकोस रे. हात काकूंचाच आहे."