पिवळे थेंब आणि निळे हात

फार पूर्वी, बातमी अजून पायांनी चालत असे तेव्हा, एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गाव भलं होतं. आल्यागेल्याला पाणी विचारणारं, आणि कितीही भांडण झालं तरी सणाला शेजारी पुरणपोळी पाठवणारं.

या गावात एक जुनी रीत होती. थंडी सरत आली की डोंगराच्या कड्याला आग्या मधमाश्यांची मोठमोठी पोळी लागत. गाव त्यांना माहेरवाशिणी म्हणे. माहेरी आलेल्या लेकीच्या ताटात डोकावू नये, तिच्याकडे टक लावून बघू नये, आणि ‘कधी जाणार’ हे तर मुळीच विचारू नये, असं वाडवडील सांगून गेले होते. म्हणून माहेरवाशिणी आल्या की कुणी त्यांचं नाव काढायचं नाही आणि मान वर करून त्यांच्याकडे पाहायचंही नाही. आग्या माशीला छेडलं नाही तर ती आपल्या वाटेला जात नाही. तेव्हा रीत शहाणपणाचीच होती.

एका पावसाळ्यात तो कडा ढासळला. त्या वर्षी माहेरवाशिणी थेट गावात आल्या आणि चावडीमागच्या उंच सावरीच्या फांद्यांना लटकल्या. गावकऱ्यांनी आनंदाने माना खाली घातल्या. येताजाता बायका पदर पुढे ओढू लागल्या आणि पुरुष स्वतःच्या वहाणांकडे बघत चालू लागले.

वाळवणाचे दिवस होते. एका घरची सून संध्याकाळी अंगणातल्या कुरडया काढायला गेली आणि किंचाळलीच. पांढऱ्याशुभ्र कुरडयांवर मोहरीएवढे पिवळेधमक थेंब पडले होते. मग दिसलं की तसेच थेंब तुळशीच्या पानांवर आहेत, पाण्याच्या रांजणाच्या झाकणावर आहेत, आणि पाटलांच्या नुकत्याच धुतलेल्या धोतरावर तर नक्षी काढल्यासारखे आहेत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही तेच.

हे आहे तरी काय, असं कुणी विचारलं नाही. पारावर पहिला प्रश्न आला तो, “हे केलं कुणी?”

“शेजारच्या राजाचं काम आहे,” एक म्हातारा म्हणाला. “त्याला लढाई जमत नाही, म्हणून रोग पाठवतोय. या थेंबांत साथ भरलेली असणार.”

“राजाला आपलं गाव ठाऊक तरी आहे का?” दुसऱ्याने विचारलं. “हे पलीकडच्या गावाचं काम. ओढ्याच्या पाण्यावरून भांडण झालं तेव्हा ते म्हणाले नव्हते का, बघून घेऊ म्हणून?”

“वैद्यबुवाच असतील,” तिसरा हळूच म्हणाला. “रोग झाला तर औषध कुणाचं खपणार?”

वैद्यबुवा मागेच उभे होते. ते संतापाने लालबुंद झाले, आणि काहींनी त्या लाल होण्यालाही पुरावा मानलं.

या गावात एक काकू राहत. भारी चौकस. शेजारी काय शिजतंय ते त्यांना फोडणीच्या आवाजावरून कळायचं. लोक त्यांना हसत, त्या दिसल्या की बोलणं बदलत. त्या दिवशी मात्र काकू पाराजवळ आल्या आणि म्हणाल्या, “मला ठाऊक आहे कोण ते.” सगळा पार त्यांच्याकडे वळला. आयुष्यात पहिल्यांदाच सगळं गाव त्यांचं ऐकत होतं, आणि ते त्यांना फार गोड लागलं.

“गावाच्या टोकाला ती रंगारीण येऊन राहिलीय ना, तीच. दार अर्धवट लावून दिवसभर त्या रांजणात काहीतरी ढवळत असते. कसलंसं बी घालते, चुना घालते. आणि वास तर असा की नाक धरावं. रंगाला कधी असा वास येतो? रोग आंबवतेय ती.”

रंगारीण निळीचं काम करायची. वर्षापूर्वी ती आपल्या लहान मुलीला घेऊन या गावात आली होती. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत निळे होते.

“पण काकू,” एकजण म्हणाला, “तिचे हात तर निळे. थेंब पिवळे आहेत.”

“तीच तर मेख आहे!” काकू म्हणाल्या. “पिवळं उडवणारी बाई हात पिवळे ठेवेल का? आपल्याला संशय येऊ नये म्हणूनच तिने ते निळे करून घेतलेत.”

वा! पार थक्क झाला. म्हणजे हात पिवळे असते तरी तीच, निळे असले तरी तीच. असं बिनतोड उत्तर गावाने कधी ऐकलं नव्हतं.

पाटील मात्र म्हणाले, “डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी कुणाला गावाबाहेर काढणार नाही.”

“मग मीच पाहून येते,” काकू म्हणाल्या. हे काम सांगायला काकूंपेक्षा योग्य माणूस नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकू रंगारणीच्या कुडाआड जाऊन बसल्या. अंगणात रंगारीण रांजणावर वाकली होती. दोन्ही हात आत, ढवळणं चालू. पलीकडे तिची मुलगी ठिकरीने एकटीच खेळत होती. गावातल्या मुलांना तिच्याशी खेळू नका म्हणून सांगून झालं होतं.

दुपार कलली, आणि टप्. काकूंच्या मनगटावर पिवळा थेंब पडला.

काकूंनी झटकन रंगारणीकडे पाहिलं. तिचे हात रांजणातच होते. टप्. आणखी एक. रंगारीण ढवळतच होती. तिच्याही पाठीवर दोन थेंब पडले.

आता दुसरं कुणी असतं तर उठून पळालं असतं. पण काकू काकूच होत्या. त्यांनी थेंब बोटाने चोळून पाहिला. आत बारीक भुकटी लागली. वास घेतला, तर फुलांच्या परागासारखा. हे येतंय तरी कुठून? असा विचार मनात आला मात्र, आणि काकूंची मान आपोआप वर गेली.

सावरीवरून माहेरवाशिणी उठल्या होत्या. पोळ्यावरचा सगळा थर उन्हात पसरून गावावर घिरट्या घालत होता, आणि त्या घिरट्यांतूनच थेंब खाली येत होते. एक थेंब नेमका काकूंच्या नाकावर पडला. दिवसभर पोळ्याला चिकटून राहणाऱ्या माश्या दुपारी पोट मोकळं करायला बाहेर पडत होत्या. कडा दूर होता तोवर हे सगळं रानात पडायचं. आता सावर गावात होती.

काकूंना हसू आलं. मग नाक पुसता पुसता त्या थांबल्या.

हे सांगायचं कसं? माहेरवाशिणींकडे मान वर करून पाहिलं, हे एक. माहेरवाशिणी गावाच्या डोक्यावर शी करतात, हे दुसरं. आणि तिसरं, जे काकूंनी स्वतःशीसुद्धा नीट कबूल केलं नाही, ते असं की हे सांगितलं तर पारावर पुन्हा त्यांना कोण विचारणार? ‘सांगेन उद्या,’ त्या मनाशी म्हणाल्या. ‘एका दिवसाने काय बिघडतंय?’ संध्याकाळी लोकांनी विचारलं तेव्हा त्या नुसत्या मान हलवून म्हणाल्या, “बघतेय, बघतेय.” लोकांनी त्याचा अर्थ आपल्याला हवा तसा लावला.

त्याच संध्याकाळी वैद्यबुवांनी विषावर उतारा म्हणून जमालगोट्याचा काढा केला. आपल्यावरचा संशय फिटावा म्हणून त्यांनी घरोघर स्वतः नेऊन पाजला, आणि हात जरा सढळच ठेवला. सकाळ झाली तेव्हा अर्धं गाव पोट धरून शेतात पळत होतं.

“साथ आली!” ओरड झाली. “बघा, थेंबांनी साथ आणलीच!”

उतारा घेण्याआधी कुणाला काहीच झालं नव्हतं, हे पळणाऱ्यांच्या लक्षात येणं शक्य नव्हतं. ज्यांना उभं राहता येत होतं ते काठ्या घेऊन गावाच्या टोकाला गेले. कुणीतरी रांजणावर काठी घातली. रांजण फुटला आणि निळं पाणी अंगणातून वाहत रस्त्यावर गेलं.

रंगारीण मटकन खाली बसली आणि वाहत्या पाण्यात हात घालून ते अडवू लागली. पाणी कधी हाताने अडतं का?

“दुपारपर्यंत गाव सोडायचं,” लोक म्हणाले.

तेवढ्यात काकू धापा टाकत आल्या. फुटलेला रांजण पाहून त्यांचा चेहरा उतरला.

“थांबा! तिने काही केलेलं नाही. मी काल पाहिलंय.”

“तुम्हीच तर म्हणालात की तीच आहे,” एकजण म्हणाला.

“म्हणाले. चुकले. वर बघा, म्हणजे कळेल.”

एकही मान वर झाली नाही. उलट कुणीतरी पुटपुटलं, “काकूंनाही तिने काहीतरी पाजलेलं दिसतंय.”

तेव्हा काकूंनी आपलं धुवट पांढरं लुगडं आणलं आणि अंगणात अंथरलं. ओरडा ऐकून आलेल्या पाटलांकडे वळून त्या म्हणाल्या, “पाटील, तुम्ही डोळ्यांनी पाहिल्याशिवाय काढणार नाही म्हणाला होतात. मग हिचे दोन्ही हात तुमच्या हातात घट्ट धरा आणि दुपार कलेपर्यंत इथे उभे राहा. थेंब पडले नाहीत, तर हिच्याबरोबर मलाही गावाबाहेर काढा.”

पाटलांनी रंगारणीचे निळे हात धरले. सगळं गाव गोल करून उभं राहिलं. मधूनमधून कुणीतरी पोट धरून पळायचं आणि परत येऊन आपली जागा धरायचं. ऊन तापलं. काकूंच्या कपाळावरून घाम ओघळत होता. एकदा त्यांना वाटलं, आज माहेरवाशिणी आल्याच नाहीत तर?

दुपार कलली. टप्. पांढऱ्या लुगड्यावर पिवळा थेंब उमटला. टप्, टप्. मग एक मोठा थेंब पाटलांच्या मिशीवर पडला. पाटलांचे हात तर गुंतलेले. त्यांनी मान वर केली, आणि मग पिढ्यान्‌पिढ्या खाली घातलेल्या सगळ्या माना एकेक करून वर झाल्या.

मग एक म्हातारी म्हणाली, “अगं बाई, लेकीच आहेत आपल्या!” आणि सगळं गाव हसायला लागलं. पोटं दुखत होती तरी हसलं.

हसू ओसरलं तसा एकाने विचारलं, “पण मग रंगारणीचं नाव पहिल्यांदा काढलं कुणी?”

“आणि रांजणावर काठी घातली कुणी?”

पुन्हा सगळे एकमेकांकडे बघू लागले. काकू पुढे झाल्या. “नाव मी काढलं. आणि खरं काय ते कालच कळलं असून मी गप्प बसले, हे त्याहून वाईट केलं.”

रंगारीण पहिल्यांदाच बोलली. “कुणी काढलं त्याचं मी काय करू, काकू? रांजण दुसरा मिळेल. पण आतली नीळ जिवंत होती. आईने तिच्या आईच्या रांजणातून विरजण आणलं होतं, मी माझ्या आईच्या. ते आता कुठून आणू?”

काकू खाली बसल्या आणि खापऱ्या चाळू लागल्या. रांजणाच्या बुडाची एक मोठी खापरी उताणी पडली होती. तिच्यात घोटभर निळं पाणी उरलं होतं.

“एवढ्याने विरजण लागेल?”

“ठाऊक नाही. लावून बघावं लागेल,” रंगारीण म्हणाली.

त्या दिवसापासून काकू रोज तिच्याकडे जाऊ लागल्या. नव्या रांजणात नीळ पडली, चुना पडला, आंबवायला टाकळ्याचं बी पडलं, आणि ते घोटभर विरजण. काकू नाक न धरता ढवळत. गावातली मुलं हळूहळू अंगणात येऊ लागली, ठिकरीचा डाव मोठा झाला. विरजण मात्र काही केल्या लागेना. मग एका सकाळी वर तांबूस साय धरलेली दिसली. रंगारणीने एक पांढरी चिंधी आत बुडवली, थोडा वेळ ठेवली आणि पिळून काकूंच्या हातात दिली.

चिंधी पिवळी होती. हिरवट पिवळी.

पूर्वीच्या काकू असत्या तर एव्हाना पारावर पोचल्या असत्या. त्यांच्या ओठांवर शब्द आलाही होता. पण त्यांनी तो गिळला आणि चिंधी हातात धरून नुसत्या बघत राहिल्या. वारा लागला. चिंधीच्या काठाशी हिरवं गडद झालं, मग मधेही झालं, आणि काकूंच्या डोळ्यांदेखत ती सगळी चिंधी निळीभोर झाली.

“लागलं विरजण,” रंगारीण म्हणाली, आणि इतक्या दिवसांनी तिला रडू आलं.

तात्पर्य, मुलांसाठी आणि मोठ्यांसाठी तर जास्तच: ‘कुणी केलं’ हे विचारण्याआधी ‘झालंय काय’ ते नीट बघावं, आणि बघून कळलं की ते सांगायला उद्याची वाट पाहू नये.