सगळ्यांनी ओढून पाहिलेला खोपा

नदीकाठच्या एका जंगलात एक सुगरण राहत असे. बाळांनो, तिची विणायची रीतच निराळी! खोपा अर्धा झाला की ती शेजारपाजारच्यांना हाक मारी, "या, ओढून बघा, चोच खुपसून बघा, कुठं सैल लागतंय ते सांगा!" मग चिमणी एखादी काडी ओढी, कावळा दहा चुका काढी, आणि सुगरण हसतमुखानं तेवढं उसवून पुन्हा विणी.

एका वर्षी जंगलात साप फार माजले. गवतात राहणाऱ्या बिचाऱ्या लावी पक्षिणीचं तर एकही अंडं वाचेना. सुगरणीला तिचं रडणं ऐकवेना. शेवटी सिंहमहाराजांनी दवंडी पिटवली, "सर्वांची अंडी ठेवायला सरकारी जागा हवी. मुंगसाच्या कसोटीला उतरेल, तिलाच दरबाराचा शिक्का!" सुगरण हौसेनं खोपा दाखवायला पुढं झाली, तर कोल्हा प्रधान फिसकन हसला. "महाराज, साळिंदराचं बीळ घ्या. आतून कसं आहे ते ब्रह्मदेवालाही ठाऊक नाही! हिचा खोपा साऱ्या जंगलानं पाहिला, म्हणजे सापानंही पाहिला."

"पाहू दे की!" सुगरण ताडकन म्हणाली. लावीही धीर करून बोलली, "महाराज, लपवून अंडी वाचत असती, तर माझी गवतातच वाचली असती." सिंह म्हणाला, "नियम सगळ्यांना एकच. मुंगसा, लाग कामाला!"

मुंगूस पडलं सापाचं हाडवैरी. सापाच्या साऱ्या चाली त्याला पाठ. साळिंदर काटे फुलवून दारात बसलं. "आत सोडणार नाही, गुपित फुटेल!" मुंगूस गुपचूप मागं गेलं, करवंदीच्या जाळीखाली उंदरानं पाडलेल्या भोकातून आत शिरलं आणि साळिंदराच्या पाठीमागून, पुढच्या दारानं ऐटीत बाहेर आलं! साळिंदराचं तोंड एवढंसं झालं. ते भोक त्याचं त्यालाच माहीत नव्हतं. कुणाला पाहूच दिलं नाही, तर सांगणार कोण? आता पाळी खोप्याची. सुगरणीचा जीव टांगणीला लागला. मुंगसानं फांदी हलवली, काडी न् काडी ओढली, पण एक सुटेल तर शपथ! नदीवर लोंबणाऱ्या त्या खोप्याच्या खालच्या तोंडातून शिरायला गेलं, आणि पाय सटकून धप्पकन नदीत! निथळत, शिंकत ते काठावर आलं आणि ओरडलं, "महाराज, उतरला कसोटीला! मारा शिक्का!" सारं जंगल नाचायला लागलं. "खोप्याची ती फांदीजवळची गाठ माझ्या सांगण्यावरून घातलीय बरं का!" कावळा ज्याला त्याला सांगत सुटला. आणि लावीनं? तिनं अंडी खोप्यात ठेवली आणि त्या वर्षी आपल्या पिल्लांची चिवचिव पहिल्यांदा ऐकली.

तात्पर्य : घरटं असो की सरकारी संगणकाची प्रणाली, झाकून ठेवल्यानं ती मजबूत होत नाही, चार जणांनी उघड तपासलेली, सुधारलेली आणि कसोटीला उतरलेली, तीच खरी सुरक्षित.