दमाजीचा दगडी गळा

एका राज्यात एक राणी होती, आणि तिला झोप येत नव्हती. शत्रू सीमेवर नव्हता, पाऊसपाणी बरं होतं. पण दमाजीनं आजही ताटलीला तोंड लावलं नव्हतं.

दमाजी हा राजवाड्यातला म्हातारा कुत्रा. तळघरात शापित सोन्याचे हंडे होते. ज्याला हंडा शिवे, त्याचं सोनं होई. रोज दिवेलागणीला दमाजी जिन्याच्या तोंडाशी उभा राहून गुरगुरे, आणि हंडे मुकाट खाली बसून राहत.

अशा दमाजीला सोबत हवी, असं राणी चारुमतीला वाटलं. जादूगारांच्या बाजारातून तिनं हौसेनं एक पिल्लू आणलं. दमाजीला विचारायचं तेवढं राहून गेलं. पिल्लाचं नाव भिंगरी. भिंगरीनं सिंहासनाची गादी फाडली, सेनापतींचा जोडा खाल्ला, आणि राणी ज्यांची पारायणं करत होती त्या श्वानशास्त्राच्या ग्रंथांचे पुठ्ठे चघळून टाकले. दमाजीच्या कानाला ती लोंबकळे, त्याचंच खाई, त्याच्याच गोधडीवर पसरे. शेवटी एकदा तो तिच्यावर गुरगुरला. राणी धावत आली.

"दमाजी, तू मोठा ना? समजून घे."

त्या राज्यात राणीचा शब्द खरा होई. दमाजीनं समजून घेतलं, आणि त्याच क्षणी त्याचा गळा दगडाचा झाला.

त्या संध्याकाळपासून हंडे जिना चढू लागले. वरच्या मजल्यावर राजकन्या सुगंधा आणि रांगता राजपुत्र खेळत असत. राणीनं दारं लावली, मंत्र म्हणवले, आपलं काय चुकलं ते साऱ्या दरबाराला विचारलं. दरबार छताकडे पाहू लागला. अखेर सज्जातली साळुंकी बोलली.

"राणीसाहेब, दमाजीला शाप तुमच्याच शब्दाचा आहे. उतारा तीन कामांचा."

पहिलं काम, पिल्लाला दमवणं. राणीनं भिंगरीला साती टेकड्यांभोवती पळवलं. राणीचा पाय मुरगळला. भिंगरी तोंडात फांदी घेऊन आली आणि पुन्हा चला म्हणू लागली.

दुसरं काम, दोघांची पंगत वेगळी आणि पहिलं ताट दमाजीचं. राणीनं मधे अदृश्य भिंत उभी करवली. भिंतीपलीकडे भिंगरीनं असा गळा काढला की दरबाऱ्यांनी कानात कापूस घातला. पण दमाजीनं दोन घास खाल्ले.

"आणि तिसरं?" राणीनं विचारलं.

"आता ती त्याच्या अंगावर गेली, की तुम्ही गप्प बसायचं."

"एवढंच?"

"करून पाहा," साळुंकी म्हणाली.

दिवेलागण झाली. पहिला हंडा जिन्याच्या वरच्या पायरीशी आला होता. दमाजी उंबऱ्यावर हाड घेऊन बसला होता. भिंगरी आली आणि तिनं सरळ हाडाला तोंड लावलं. राणीच्या जिभेवर ते जुनं वाक्य आपोआप येऊन बसलं. तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. दमाजीनं आधी राणीकडे पाहिलं. ती काही बोलेना, तेव्हा त्यानं ओठ वर केला, आणि दगडातून झरा फुटावा तसा त्याच्या गळ्यातून आवाज फुटला.

भिंगरीनं हाड सोडलं. दोन पावलं मागे सरली, बसली, जांभई दिली. चावाचावी नाही, रक्त नाही. हंडे गडगडत तळघरात गेले. भिंगरी शहाणी झाली असं कोणी म्हणणार नाही. पण दमाजी त्या दिवसापासून पोटभर जेवू लागला, आणि राज्याला स्वस्थता आली.

राणीनं सुगंधेला जवळ घेतलं. गुरगुरणं म्हणजे भांडण नव्हे, आता पुरे एवढंच त्यात असतं, मोठ्यांनाही ते सांगता आलं पाहिजे, असं तिनं बरंच समजावलं. सुगंधेनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली,

"उद्या बाळानं माझे केस ओढले की मी पण गुरगुरणार. तू तेव्हा पदर तोंडात धर."