आधी पाय, मग टाप

फार वर्षं झाली या गोष्टीला. घाटमाथ्यापासून पायी दोन दिवसांच्या वाटेवर, अलीकडे शेवरमाळ नावाचं गाव होतं. गावाचं एकुलतं एक कुरण, आणि त्यावर त्या मुलखाच्या सरदाराचा डोळा. त्यानं अट घातली, सूर्य उगवताना गावातून निघा आणि मावळायच्या आत, घोडं न बदलता, कोकणात उतरून समुद्रात टाप बुडवून दाखवा. जमलं तर कुरण तुमचं. संधी तीनच.

पहिले दोन गडी भरधाव सुटले. काळ्या मातीत वाढलेली घोडी ती! कोकणातल्या जांभ्या दगडावर खूर फाटले आणि दोन्ही घोडी लंगडत परतली. आता गावात एकच घोडी उरली, भिंगरी. तिची मालकीण ठकूबाई, घोडी सांभाळणाऱ्या मोतद्दाराची विधवा, जिभेनं तिखट.

ठकूबाईनं तीन महिने मुदत मागून घेतली आणि लगाम हातात धरून पायी निघाली, तीही अनवाणी. घोडं असून पायपीट करते म्हणून लोक खो खो हसले.

"परक्या मुलखात आधी पाय, मग टाप," ती म्हणाली. "मला पोळेल तिथं तिलाही पोळेल."

जिथं तळवा पोळला तिथली वाट तिनं सोडली. मुक्कामाला घोडीपुढं तिथलंच गवत, तिथलंच पाणी ठेवलं. भिंगरीनं तोंड फिरवलं, तर ठकूबाईनं आधी स्वतः ओंजळभर पिऊन दाखवलं. अशा सात खेपा झाल्या. असं म्हणतात, सातव्या खेपेला घाटातले दगड तिला बघून बाजूला सरकले. आता दगड सरकतात होय? पण वाट आजही गुळगुळीत आहे, जाऊन बघा.

ठरल्या दिवशी घाटात असं धुकं दाटलं की घोडीचे कान दिसेनात. कुरण गेलं की गुरं जाणार, गुरं गेली की गाव उठणार. ठकूबाईनं भिंगरीच्या मानेवर हात ठेवला आणि लगाम सैल सोडला. असं म्हणतात, भिंगरी डोळे मिटून घाट उतरली. दर पाणवठ्यावर आपणहून थांबली, पाणी प्याली, निघाली. लाटेत टाप बुडाली तेव्हा दिवस अजून कासराभर वर होता.

या परक्या मुलखात निभावलंस कसं, असं किनाऱ्यावर वाट बघत बसलेल्या सरदारानं विचारलं.

"परका तुम्हांला," ठकूबाई म्हणाली. "आम्ही इथलं पाणी प्यायलोय."

कुरण राहिलं, गाव राहिलं. शेवरमाळात आता घोडी नाहीत, फटफट्या आहेत. पण नवी फटफटी आली की मालक चपला काढतो, ठकूबाईचं नाव घेतो आणि कुरणाच्या टोकापर्यंत ती हातानं ढकलत नेतो, भर उन्हातसुद्धा. किक त्यानंतर.