बी उकरून बघणारी बकुळा

फार जुनी गोष्ट नाही, आणि नगरही काही आटपाट नव्हतं. टेकडीच्या पायथ्याशी बोरटेक नावाचं चिमुकलं गाव होतं, गावाबाहेर लाल कौलांचं एक लांबट घर होतं आणि त्या घरात बकुळा नावाची नऊ वर्षांची मुलगी नुकतीच राहायला आली होती. तिच्या फ्रॉकच्या खिशात नेहमी भाकरीचा एक तुकडा असायचा.

बकुळेची आई दोन वर्षांपूर्वी देवाघरी गेली. तेव्हापासून बाबांची दारू वाढली. बाबा पिऊन आले की घरातल्या वस्तूंना पंख फुटत. आधी तांब्या उडे, मग ताट, मग पाठीत धपाटा बसे. एक दिवस बाबांनी तिला रस्त्याकडेच्या धाब्यावर भांडी घासायला ठेवून दिलं. तिथून बालकल्याणच्या एका मॅडमनी तिला सोडवलं आणि या लाल कौलांच्या घरात आणलं. मॅडमनी तिला विचारलं होतं, "घरी अजून कोण आहे गं तुझं?" बकुळा म्हणाली होती, "कुणी नाही."

हे खोटं होतं. घरी मैना होती, तिची चार वर्षांची बहीण. पण बाबांनी बजावलं होतं, "घरातली गोष्ट बाहेर गेली, तर मैना तुला परत दिसायची नाही." म्हणून बकुळेने ओठ घट्ट मिटून घेतले होते. ताटातली अर्धी भाकरी ती रोज खिशात टाकायची. एक दिवस पळून जायचं आणि ती मैनेला द्यायची, असा तिचा बेत होता. भाकरी वाळून पापडासारखी व्हायची, पण बेत काही वाळत नव्हता.

त्या घराचं नाव पंखछाया. ज्यांच्या घरात भांडणानं नाहीतर दारूनं ठाण मांडलं होतं, अशी एकोणीस मुलं तिथे राहायची. त्यांना सांभाळायच्या तबिथामावशी. मावशी अंगाने ऐसपैस होत्या, आवाजाने त्याहून ऐसपैस, आणि मनाने तर विचारूच नका. शेजारी छोटंसं चर्च होतं. तिथली उपासना चालवायचे शांतवन पाळक. त्यांच्याकडे एक म्हातारी जीप होती आणि ती ढकलल्याशिवाय सुरू होत नसे.

पाऊस सरला की त्या चर्चमध्ये हंगामाचा सण यायचा. आपल्या हाताने पिकवलेलं काहीतरी प्रत्येकाने देवापुढे ठेवायचं, आणि मग ते गावातल्या गरजवंतांना वाटून टाकायचं. म्हणून पंखछायेत नवं मूल आलं की त्याला तीन गोष्टी मिळत: एक सतरंजी, एक ताट आणि परसबागेत एक वाफा.

आता बाग कशी होती म्हणता? हिरवीगार मेथी, लालचुटूक टोमॅटो, जांभळी जांभळी इटुकली वांगी आणि वेलावर पिवळीधमक भोपळ्याची फुलं. मध्ये एकच वाफा उघडा बोडका होता. तो बकुळेचा.

बी तिने पेरलं नव्हतं असं नाही. चांगलं चार वेळा पेरलं होतं. पण रोज संध्याकाळी ती खुरपं घेऊन यायची आणि बी उकरून बघायची. आहे ना जागेवर? कुणी नेलं तर नाही? बघून झालं की पुन्हा पुरायची. अशाने बिचाऱ्या बियांना झोपच मिळत नव्हती, मग त्या जाग्या कशा होणार? बाकीची मुलं म्हणायची, "बकुळा माती पेरते आणि मातीच काढते." तबिथामावशी मात्र कागदाच्या पुडीत नवं बी बांधून तिच्या हातात ठेवायच्या.

एका मंगळवारी, आभाळ शेंदरी झालं होतं तेव्हा, बकुळेने पुन्हा माती उकरली. तोच मातीतून एक चिरका आवाज आला.

"अगं बाई, पुन्हा आलीस का?"

बकुळेच्या हातातलं खुरपं गळालं. ढेकळाच्या आडून अंगठ्याएवढी एक परी उठून बसली. तिचा झगा दुधीच्या फुलासारखा पांढराशुभ्र होता. पंख कांद्याच्या पापुद्र्यासारखे गुलाबी आणि आरपार दिसणारे होते. केसांत मोहरीएवढा एक चांदणकण लुकलुकत होता. पण नाक थंडीने लाल झालं होतं आणि ती कुडकुडत होती.

"मी कोंबपरी," ती म्हणाली. "हे शेत ज्या मोठ्या धन्याचं, त्याच्याकडे मी कामाला. बियांना कुशीत घ्यायचं, ऊब द्यायची आणि वेळ झाली की हळूच उठवायचं. पण तू रोज आमचं पांघरूण ओढतेस. ऊब देऊन देऊन माझ्या अंगात त्राण उरलं नाही. आणि आम्हा पऱ्यांना मागून खाता येत नाही, कुणी आपणहून दिलं तरच चालतं."

बकुळेचा हात खिशाकडे गेला आणि थांबला. भाकरी मैनेची होती. त्यातला एक कणसुद्धा तिने स्वतः कधी खाल्ला नव्हता. पण समोर एवढीशी परी थरथरत होती, आणि भुकेने पोटात कसं होतं ते बकुळेला चांगलं ठाऊक होतं. तिने भाकरी मोडली आणि मोठा तुकडा पुढे केला.

परी त्या तुकड्याखाली सपशेल झाकून गेली. "अगं, अगं, मला तिळाएवढा पुरे," आतून आवाज आला. बकुळेला हसू फुटलं. दोन महिन्यांत ती पहिल्यांदा हसली होती.

खाऊन झाल्यावर परीच्या गालांवर गुलाबी रंग चढला. "तू साठवलेलं दिलंस," ती म्हणाली. "आता एक इच्छा माग."

"माझ्या बाबांची दारू सोडव," बकुळा चटकन म्हणाली.

परीचे पंख खाली झुकले. "ते माझ्या हातात नाही गं, सोने. माझ्या इच्छेचे तीन नियम आहेत. पहिला, कुणाचं मन मला फिरवता येत नाही. ते ज्याचं त्यानेच फिरवायचं असतं."

 मग आजवर कुणालाच न सांगितलेली गोष्ट बकुळेने अगदी हळू सांगितली. "माझी मैना इथं हवी. माझ्याजवळ."

"देईन. पण दुसरा नियम ऐक. माझी इच्छा माणसांच्या पायांनी चालते. म्हणून ती एका मोठ्या माणसाला खरी खरी सांगायची. आणि तिसरा, सांगून झाली की ती उकरून बघायची नाही. रविवारी चर्चची घंटा होईपर्यंत या मातीला हात लावायचा नाही. उकरलीस, तर इच्छा तिथंच संपली."

एवढं बोलून परी मातीत शिरली आणि तिने बियांना कुशीत घेतलं.

दुसऱ्या दिवशी तबिथामावशी ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. बकुळा शेजारी जाऊन बसली. तिने एक खडा काढला, दुसरा काढला. सांगितलं आणि मैना खरंच परत दिसली नाही तर?  तिसरा खडा काढताना ती म्हणाली, "मावशी, मी खोटं बोलले."

"कशाबद्दल गं?"

"घरी कुणी नाही म्हणाले ना, ते. घरी माझी बहीण हाय. चार वर्षांची. बाबा म्हणले होते, बाहेर बोललीस तर ती दिसायची नाही."

मावशींचा हात सुपातच थांबला. आता ओरडा बसणार म्हणून बकुळेने मान खाली घातली. पण मावशींनी तिचं डोकं कुशीत ओढून घेतलं. त्यांच्या पातळाला लसणाचा आणि साबणाचा वास येत होता.

"तू खोटं नाही बोललीस पोरी, तू बहिणीला जपत होतीस," त्या म्हणाल्या. "एवढ्याशा जिवानं एकटीनं किती जपायचं? आता आपण मिळून जपू. गावाचं नाव सांग मला."

बकुळेने सांगितलं. मावशी तशाच उठल्या आणि चपला घालून चर्चकडे निघाल्या. तांदूळ तिथेच राहिले आणि त्या दिवशी मुलांना जेवायला उशीर झाला. पाळकांनी बालकल्याणच्या मॅडमना फोन लावला. मुलांनी जीप ढकलली आणि जीप खोकत खोकत रस्त्याला लागली.

त्या संध्याकाळच्या प्रार्थनेत सगळ्यांनी मैनेचं नाव घेतलं. सहा वर्षांचा इम्मू हात जोडून म्हणाला, "देवा, मैनाला लवकर आण. पण तिची सतरंजी माझ्याजवळ नको, लहान मुलं लाथा मारतात. आमेन."

गुरुवारी दुपारी जीप परत आली. बकुळा फाटकापाशी धावली. जीपमधून फक्त पाळक उतरले.

"तिथलं घर बंद आहे, बाळा," ते तिच्यासमोर गुडघ्यांवर बसून म्हणाले. "तुझे बाबा मैनाला घेऊन कुठल्या तरी वीटभट्टीवर गेलेत. कुठल्या, ते शेजारच्या बाई आठवून सांगणार आहेत. मॅडम तिथंच थांबल्यात. मी उद्या पहाटे पुन्हा निघतो."

 बकुळा सरळ बागेत गेली. काळी माती गप्प होती. परी आहे का खाली? की तीही बाबांसारखीच, बोलते एक आणि करते एक? बकुळेने खुरपं उचललं. एकदा, फक्त एकदाच बघायचं. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

सगळं जग तिला आजवर असंच वागवत आलं होतं. जपून ठेवलेलं काहीच तिच्याजवळ उरलं नव्हतं. मग मातीवर विश्वास ठेवायचा तो कसा? पण मावशी तांदूळ टाकून उठल्या होत्या, हेही तिला आठवलं.  शेवटी तिने खुरपं वाफ्याच्या कडेला ठेवलं, झारी भरून आणली आणि न उकरता पाणी घातलं. तिला आजवर पडलेल्या सगळ्या कामांत हे सर्वांत अवघड होतं.

शुक्रवारी, माती उकरायला जाऊ नयेत म्हणून, ती हात मांडीखाली दाबून बसून राहिली. शनिवारी इम्मूने तिला सलग अकरा डाव काचापाणी खेळायला लावलं आणि स्वतःच चिडून उठला. रविवार उजाडला तेव्हा बाग दवाने नुसती चमचम करत होती. आणि बकुळेच्या बोडक्या वाफ्यात पोपटी रंगाचे इटुकले पिटुकले कोंब डोकी वर काढून बघत होते. एक, दोन, दहा, चाळीस.

बाकीच्या मुलांनी टोपल्या भरल्या. बकुळेने विचारलं, "मावशी, मी काय ठेवू देवापुढं? हे फार लहान हाईत."

"त्यांना उपटायचं नाही बरं," मावशी म्हणाल्या. "तू मोकळ्या हातानं चल. देवाला घाई नसते."

मग चर्चची घंटा झाली. ती वाजत असतानाच फाटकाबाहेर कुणीतरी खोकलं, म्हणजे जीप. आधी पाळक उतरले, मग मॅडम, आणि मॅडमच्या पदराआडून धुळीने माखलेली, केस पिंजारलेली मैना.

"ताई," ती म्हणाली आणि पळत येऊन बकुळेला बिलगली.

पाळकांनी मावशींना बाजूला घेऊन सांगितलं, पण बकुळेने ऐकलंच. भट्टीवर बाबा मान खाली घालून बसले होते. म्हणाले, "घेऊन जा तिला. माझ्यानं नाही होत." त्यांचं मन कुणी फिरवलं नव्हतं, एवढं ते आपणहून बोलले होते. बकुळेला बाबांची खूप दया आली, रागही आला, आणि तिने मैनेला आणखी घट्ट धरलं.

मैनेने मान वळवून ते लांबलचक घर पाहिलं. रविवारचे कपडे घातलेली, टक लावून बघणारी ती सगळी मुलं पाहिली. मग ती ताईच्या कानाशी लागली.

"ताई, इथं कुठं लपायचं?"

घरी बाबांची पावलं वाजली की दोघी कणगीमागे लपत. श्वास रोखून बसत. सापडलं की मार असे. बकुळेने उत्तर शोधलं आणि तिच्या लक्षात आलं, की या घरात तिने तशी जागा कधी बघूनच ठेवली नव्हती.

"इथं फक्त खेळताना लपायचं," ती म्हणाली.

"माझ्यावर राज्य," इम्मूने लगेच जाहीर केलं आणि भिंतीकडे तोंड करून आकडे म्हणायला सुरुवात केली. सण, टोपल्या, इस्त्रीचे कपडे, कशाची म्हणून पर्वा न करता मुलं चौफेर पांगली. मावशी कमरेवर हात ठेवून ओरडणार होत्या, पण त्यांना रडू आलं आणि ओरडायचं राहूनच गेलं.

मैना पेरूच्या बारक्या खोडामागे जाऊन उभी राहिली. तिचे दोन्ही हात आणि अर्धा फ्रॉक बाहेर दिसत होता. बकुळा बागेच्या कडेला बसून बघत होती. तेवढ्यात पोपटी कोंबांतून एक सोनेरी ठिणगी वर आली. कोंबपरीने बकुळेकडे पाहून चिमुकला हात हलवला. पापुद्र्याचे पंख गुलाबी झाले, केशरी झाले, मग लख्ख सोन्याचे झाले. सगळी बाग क्षणभर उजळून निघाली आणि परी त्या उजेडात विरघळून गेली.

"एकोणीस, वीस," इम्मू म्हणाला आणि वळला. त्याला मैना चक्क दिसत होती, पण तो शहाणा मुलगा होता. तो टोमॅटोत शोधत गेला, वांग्यांत शोधत गेला, तबिथामावशींच्या मागेही बघून आला.

पेरूच्या झाडामागून खुदकन आवाज आला. सापडावं म्हणून लपायची मैनेची ही पहिलीच वेळ होती आणि तिला धीर धरवेना.

"मी इथं हाय," ती ओरडली. "या की लवकर."